कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून गाडीत सबवूफर आणि अ‍ॅम्प कसा बसवायचा, अगदी पहिल्यापासून

कंपनीच्या स्टिरिओत ब्लूटूथ असतं, मोठी स्क्रीन असते, सगळं असतं, फक्त खालचा बेस नसतो. आणि त्यात त्या बिचाऱ्या स्टिरिओचा फार दोष पण नाही. दारातले स्पीकर सहा-साडेसहा इंची, त्यांच्यामागे दाराचा पोकळ पत्रा, आणि स्टिरिओच्या आतली चिप एका चॅनलला खरे १५ ते २० वॅट देते, वर ५० गुणिले ४ असं काहीही छापलेलं असू दे. ५०-६० हर्ट्झच्या खालचं नीट ऐकायचं तर भरपूर हवा ढकलावी लागते, त्याला मोठा कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा) पाहिजे आणि वेगळी पॉवर पाहिजे. पूर्वी लोक सरळ स्टिरिओच बदलायचे, पण आता त्याच स्क्रीनवर रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं, काही गाड्यांत तर एसीचं सेटिंग पण अडकलेलं असतं, त्यामुळे स्टिरिओला हात न लावता मागे सब (सबवूफर, फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर) आणि त्याला पॉवर देणारा अ‍ॅम्प जोडणं हेच बरं पडतं.

एक मत आधीच सांगून टाकतो. लोक सब किती इंची आणि डब्यावर किती वॅट लिहिलेत यावर तासन् तास भांडतात आणि मग वायर, ग्राउंड (अ‍ॅम्पची मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणं) आणि गेन (अ‍ॅम्पवरचा सिग्नल जुळवायचा नॉब) हे तिन्ही अर्ध्या तासात उरकतात. बेस फुसका येणं, घरघर, वारंवार अ‍ॅम्प बंद पडणं, सब जळणं, बहुतेक वेळा कारण या तिघांतच सापडतं. म्हणून खाली सामानाबद्दल कमी आणि या तीन गोष्टींबद्दल जास्त लिहिलंय.

आधी आपली गाडी ओळखा

खरेदीच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, गाडीत कंपनीचा वेगळा अ‍ॅम्प आहे का. साध्या मॉडेलमध्ये स्टिरिओतून वायर थेट स्पीकरला जातात, हे सगळ्यात सोपं. वरच्या मॉडेलमध्ये डॅशखाली, सीटखाली किंवा डिकीत कंपनीचा अ‍ॅम्प असतो आणि स्टिरिओपासून त्याच्यापर्यंत कधी कधी डिजिटल सिग्नल जातो, म्हणजे स्टिरिओच्या मागून काही काढता येत नाही, अ‍ॅम्पच्या पुढून स्पीकरच्या वायरवरूनच घ्यावं लागतं. त्यात पण वूफरला जाणारी वायर धरायची, ट्वीटरची (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची) नाही, कारण ट्वीटरच्या वायरीत बेस आधीच कापलेला असतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. काही गाड्यांत इंजिनची घरघर मारण्यासाठी छतात माईक असतात आणि स्टिरिओ स्पीकरमधून उलटा आवाज सोडतो. अशा गाडीत सब लावला की ती सिस्टिम गोंधळते, सबचा बेस माईकला ऐकू जातो आणि गाणं बंद असताना पण गाडीत विचित्र घुमायला लागतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं असेल तर ते बंद कसं करायचं हे आधी शोधून ठेवा.

वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीची वायर कापू नका. आपल्या मॉडेलचा टी-कपलर मिळतो का बघा, तो मूळ कपलरच्या मध्ये बसतो आणि उद्या काढला तर गाडी जशीच्या तशी.

सामान

वॅट बघायचे ते फक्त आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे. मॅक्स, पीक असलं जे मोठ्या अक्षरात असतं ते सोडून द्या. अ‍ॅम्प मोनो (एकाच चॅनलचा), क्लास डी जातीचा घ्या, लहान असतो, कमी तापतो, ८० टक्क्यांच्या आसपास एफिशियन्सी मिळते, तेच क्लास एबीमध्ये ५०-६० टक्के आणि बाकीची सगळी उष्णता. अ‍ॅम्पला हाय लेव्हल इनपुट असेल तर उत्तम, म्हणजे स्पीकरची वायर थेट त्यात जाते, नाहीतर मध्ये हाय-टू-लो कन्व्हर्टर लागतो, जो स्पीकरचा जोरदार सिग्नल कमी करून देतो.

ओहमचा हिशोब मात्र शांतपणे करा. सिंगल कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी एकच) ४ ओहमचा सब असेल तर काही डोकं लावायचं नाही. ड्युअल कॉइल ४ अधिक ४ असेल तर पॅरललमध्ये २ ओहम होतात आणि सिरीजमध्ये ८. ड्युअल २ अधिक २ असेल तर पॅरललमध्ये १ आणि सिरीजमध्ये ४. आता अ‍ॅम्प २ ओहमपर्यंतच स्टेबल असेल आणि तुम्ही त्याला १ ओहम दिला तर तो एकतर प्रोटेक्टमध्ये (स्वतःला वाचवायला बंद) जाणार नाहीतर जाणार, कायमचा. म्हणून सब आणि अ‍ॅम्प वेगवेगळे ठरवू नका, जोडीनेच ठरवा.

बॉक्स सीलबंद घ्यावा असं माझं मत. पोर्टवाला तेवढ्याच वॅटमध्ये जोरात वाजतो हे खरं, पण तो जागा जास्त खातो, आणि पोर्टच्या ट्यूनिंगच्या खालच्या फ्रिक्वेन्सीला कोनला धरून ठेवणारी हवाच उरत नाही, मग सबसॉनिक फिल्टर (अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) नसेल तर कोन वेडावाकडा हलतो. पहिल्यांदा करणाऱ्याने सीलबंद १० इंची लावावा. डिकी द्यायचीच नसेल तर सीटखालचे चपटे अ‍ॅक्टिव्ह सब मिळतात, अ‍ॅम्प आतच असतो. त्यांचा दणका छातीत बसत नाही पण गाणं भरल्यासारखं वाटतं, आणि वायरिंग हेच, फक्त बारीक.

वायर आणि फ्यूज, इथे कंजुषी नको

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. ३०० वॅट आरएमएसचा मोनो अ‍ॅम्प, २ ओहमवर. एफिशियन्सी ८० टक्के धरली तर तो बॅटरीकडून ३७५ वॅट ओढणार. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरा, म्हणजे साधारण २७ अँपिअर. बॅटरी पुढे, अ‍ॅम्प डिकीत, वायर ५ मीटर. शुद्ध तांब्याची ८ गेज (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) वायर मीटरला साधारण २ मिलिओहम, ५ मीटरला १० मिलिओहम, गुणिले २७, म्हणजे पाव व्होल्टच्या थोडं वर ड्रॉप, एवढं व्होल्टेज वायरीतच जातं. चालतंय. पण बाजारात जी स्वस्त किट मिळतात त्यात सीसीए वायर असते, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा, तिचा रेझिस्टन्स दीडपटीच्या पुढे, तिथे तोच ड्रॉप ०.४ च्या वर जातो. सीसीएच घ्यायची असेल तर एक साईज मोठी घ्या, ८ च्या जागी ४ गेज. आणि वायर बाहेरून जाड दिसते म्हणून फसू नका, टोक सोलून तांबं बघा, कधी कधी सगळी जाडी इन्सुलेशनचीच असते. खऱ्या ८ गेजमध्ये ८ चौरस मिलिमीटरच्या थोडं वर तांबं असतं.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत लागलाच पाहिजे. अ‍ॅम्पवर फ्यूज आहे की, असं म्हणू नका, तो अ‍ॅम्पसाठी आहे. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी असतो. मधे कुठे वायर पत्र्याला घासून सोलली गेली तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर सोडेल आणि कार्पेटखाली आग लागेल, तेव्हा हाच फ्यूज कामाला येतो. आपल्या उदाहरणात ४० अँपिअरचा बास.

कामाला लागू

बॅटरीची मायनस काढा आणि पाचेक मिनिटं थांबा, एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. काम करताना पिवळं कपलर किंवा पिवळं आवरण असलेली वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची.

प्लसची वायर इंजिनकडून आत आणणं हे सगळ्यात वैतागाचं काम. फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) कंपनीचा एखादा रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवरचं रबर) असतो ज्यातून मूळ वायरिंग आत येतं, त्यातच कडेला बारीक भोक पाडून एखाद्या कडक तारेला आपली वायर बांधून ओढून घ्या. नवीन भोक पाडलंच तर त्यात रबरी ग्रोमेट घातल्याशिवाय वायर टाकू नका, पत्र्याची धार महिन्याभरात इन्सुलेशन कापते. बोनेटखाली वायरवर कोरुगेटेड पाईप चढवा, एक्झॉस्ट आणि फिरणाऱ्या बेल्टपासून लांब ठेवा, झिप टायनं बांधत या. बॅटरीच्या टोकाला फ्यूज होल्डर लावा पण फ्यूज आत्ता घालू नका.

आत आल्यावर दारांच्या खालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उचकटून त्यांच्याखालून वायर मागे न्या. पट्ट्यांच्या क्लिप तुटतात, प्लास्टिकचाच ट्रिम टूल वापरा, स्क्रूड्रायव्हर घातला की ओरखडा ठरलेला. पॉवरची वायर एका बाजूने नेली तर सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या.

आता ग्राउंड. अ‍ॅम्पपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बॉडीचा जाड पत्रा शोधा, पातळ पॅनल नको, सीटबेल्टचा बोल्ट तर अजिबात नको. रंग आणि प्रायमर सँडपेपरनं घासून चकचकीत पत्रा येईपर्यंत काढा, वायरला रिंग लग (गोल भोकाचं टोक) क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा म्हणजे गंजणार नाही. वायर प्लसच्याच गेजची. भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा, मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि फ्लोअरखालून ब्रेकचे पाईप गेलेले असतात. अजून एक, नवीन गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, जो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो, अशा गाडीत ग्राउंड थेट बॅटरीच्या मायनसवर घेतला तर गाडीचा हिशोब चुकतो. बॉडीवरच घ्या.

सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरवरून घेणं सोयीचं. कंपनीच्या वायरचे रंग गाडीगणिक बदलतात, त्यामुळे अंदाजाने कापाकापी करू नका. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन पेनड्राइव्हवर टाका, स्टिरिओमध्ये फेडर (पुढचे-मागचे स्पीकर यांत आवाज वाटणारं सेटिंग) पूर्ण मागे आणि बॅलन्स पूर्ण डावीकडे करा, टोन वाजवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून वायरच्या जोड्या तपासा. ज्या जोडीवर व्होल्टेज येतं ती मागची डावी. मग बॅलन्स उजवीकडे, तसंच. अर्थात हे करायला बॅटरी तेवढ्यापुरती जोडावी लागते, म्हणून बरेच जण हे सगळ्यात आधी करून वायरवर चिकटपट्टीची खूण करून ठेवतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा, या स्टिरिओंच्या स्पीकरची मायनस म्हणजे ग्राउंड नाही. आतली चिप ब्रिज पद्धतीने चालते, त्यामुळे प्लस आणि मायनस दोन्हींवर बॅटरीच्या निम्मं, म्हणजे सहाएक व्होल्ट डीसी असतं. ती मायनस बॉडीला टेकवली तर चिप जाते आणि तिच्याबरोबर महागडी स्क्रीन. डावीकडची प्लस-मायनस आणि उजवीकडची प्लस-मायनस अशा चारही वायर हाय लेव्हल इनपुटला वेगवेगळ्या जोडायच्या. मूळ स्पीकर काढायचे नाहीत, फक्त त्यांना समांतर जोड द्यायचा, स्टिरिओवर काही लोड वाढत नाही. जोड सोल्डर करून हीट श्रिंक घाला किंवा चांगला क्रिम्प करा. ते निळे चिमटे येतात ना जे वायरवर दाबून बसवतात, ते मला पटत नाहीत, वर्षभरात ढिले होतात. कन्व्हर्टर वापरणार असाल तर तो अ‍ॅम्पजवळ ठेवा आणि तिथून आरसीए (सिग्नलची केबल) छोटी.

रिमोट वायर, म्हणजे अ‍ॅम्प चालू-बंद कोण करणार. बऱ्याच हाय लेव्हल अ‍ॅम्पमध्ये ऑटो टर्न-ऑन असतं, ते वर सांगितलेलं सहा व्होल्ट डीसी ओळखूनच चालू होतं, मग वेगळी वायर नकोच. नसेल तर किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या एखाद्या अ‍ॅक्सेसरी फ्यूजवर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून वायर काढून देणारा जोड) लावून बारीक वायर मागे न्या. कायम चालू फ्यूजवर लावली तर सकाळी गाडीला धक्का मारायची तयारी ठेवा. एअरबॅग, एबीएस यांच्या फ्यूजला हात लावू नका.

अ‍ॅम्प बॉक्सवर स्क्रू करू नका, तिथे दिवसभर हादरे बसतात. मागच्या सीटच्या पाठीमागे किंवा डिकीच्या बाजूला एक प्लायचा तुकडा लावून त्यावर बसवा, भोवती हवा खेळली पाहिजे, वर कार्पेट नको. बॉक्स पट्ट्यांनी बांधा, जोरात ब्रेक लागला की १५-२० किलोचा मोकळा बॉक्स पुढे येतो.

सगळं एकदा ओढून बघा, कुठे तांब्याचा केस बाहेर नाही ना, मग बॅटरीची मायनस जोडा आणि सगळ्यात शेवटी फ्यूज. फ्यूज घालताना बारीकशी ठिणगी पडते, अ‍ॅम्पमधले कॅपॅसिटर भरतात त्याची, घाबरू नका.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही

इथेच सगळ्यात जास्त सब मरतात. गेनचं काम स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची सांगड घालणं एवढंच. जास्त फिरवला की अ‍ॅम्प क्लिप होतो (सिग्नलचे शेंडे कापले जातात) आणि व्हॉइस कॉइल तापून जळका वास येतो.

स्टिरिओचा बेस-ट्रेबल शून्यावर, इक्वलायझर फ्लॅट, लाउडनेस बंद, फेडर मधे. अ‍ॅम्पवर बेस बूस्ट शून्य, गेन पूर्ण खाली, सबची वायर अ‍ॅम्पमधून काढलेली.

आता आधी स्टिरिओचीच परीक्षा. बरेच कंपनीचे स्टिरिओ व्हॉल्यूम वाढला की दारातले स्पीकर फाटू नयेत म्हणून गुपचूप बेस कमी करतात. ५० हर्ट्झचा टोन लावून मागच्या स्पीकरच्या वायरवर एसी व्होल्ट मोजत व्हॉल्यूम एकेक पायरी वाढवा आणि आकडे लिहून घ्या. मग तेच १००० हर्ट्झच्या टोनने करा. दोन्ही सारखेच चढले तर छान. १००० हर्ट्झचा आकडा चढतोय आणि ५० चा एका जागी अडकला, तर तुमचा स्टिरिओ बेस कापतोय आणि गेन कितीही फिरवा, जोरात ऐकताना सब मागे पडणार. अशा गाडीला बेस परत भरून काढणारा कन्व्हर्टर किंवा डीएसपी (सिग्नल सुधारणारा प्रोसेसर) लागतो, मोठा सब नाही. टोन फार वेळ लावून ठेवू नका, दारातल्या स्पीकरना पण त्रास होतो.

मग व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर ठेवा आणि ५० हर्ट्झ टोन चालू. अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटर. किती व्होल्ट पाहिजेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. आपल्या उदाहरणात ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ साधारण २४.५. गेन हळूहळू फिरवत २४.५ व्होल्टला थांबा. सब जर अ‍ॅम्पपेक्षा कमी आरएमएसचा असेल तर सबचे वॅट धरून हिशोब करायचा. आता टोन बंद, सब जोडा, आणि गेनला परत हात लावायचा नाही. मित्र गाडीत बसला आणि म्हणाला अजून वाढव ना यार, तरी नाही.

क्रॉसओव्हर आणि फेज

लो पास (सबला फक्त त्याच्या खालचा आवाज देणारा फिल्टर) ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. माणसाचा आवाज डिकीतून येतोय असं वाटलं तर ७० वर आणा, दारातल्या स्पीकर आणि सबच्या मधे पोकळी वाटली तर ९० पर्यंत न्या. फेजचा (सब आणि दारातल्या स्पीकरचे कोन एकाच वेळी पुढे-मागे होतात का, याचा) स्विच ० आणि १८०, ड्रायव्हर सीटवर बसून ओळखीचं गाणं लावा, दुसऱ्याला स्विच हलवायला सांगा, ज्या बाजूला बेस भरीव आणि समोरून आल्यासारखा वाटतो ती बाजू बरोबर.

दारातले स्पीकर बेसला धडधडतात म्हणून स्टिरिओचा बेस कमी केला की सबचा पण कमी होतो, दोघांना एकच सिग्नल जातोय ना. सबसाठी अ‍ॅम्पबरोबर येणारा बेस नॉब पुढे लावून घ्या. आणि पुढच्या स्पीकरचा खालचा बेस काढायचा असेल तर प्लस वायरमध्ये नॉन-पोलर कॅपॅसिटर टाकतात, ४ ओहमच्या स्पीकरला १०० हर्ट्झसाठी साधारण ४०० मायक्रोफॅरड.

काही बिघडलं तर

इंजिनच्या रेसबरोबर वर-खाली होणारी कीं आवाजाची शिट्टी आली तर ती अल्टरनेटरची. आधी इनपुट काढून बघा. शिट्टी गेली तर सिग्नलच्या वाटेत गडबड, राहिली तर पॉवर किंवा ग्राउंडमध्ये.

ग्राउंड तपासायचा तर मल्टिमीटरवर ओहम मोजत बसू नका, साध्या मीटरला इतके कमी ओहम कळत नाहीत. डीसी व्होल्टला ठेवा, एक प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड स्क्रूवर, दुसरा लांब वायर लावून बॅटरीच्या मायनसवर, इंजिन चालू, गाणं जोरात. ०.१-०.२ व्होल्ट ठीक. अर्ध्या व्होल्टच्या जवळ गेला तर लग उघडा, खाली रंग राहिलेला सापडेल.

बेसच्या ठोक्याला हेडलाइट मिणमिणतात म्हणून लोक आधी कॅपॅसिटर विकत आणतात. ३०० वॅटला त्याची गरज नसते, बॅटरीचं वय, टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि वायरची जाडी आधी बघा.

प्रोटेक्टचा लाल दिवा लागला तर सबच्या दोन्ही वायर अ‍ॅम्पमधून काढून परत चालू करा. दिवा गेला तर सबकडे शॉर्ट आहे किंवा ओहम चुकलेत, नाही गेला तर पॉवर-ग्राउंड किंवा अ‍ॅम्पच. अर्ध्या तासाने बंद पडून थोड्या वेळाने आपोआप चालू होत असेल तर तो तापतोय, त्याच्यावर डिकीतली सतरंजी किंवा सामान पडलंय का बघा.

आणि दोन आठवड्यांनी फ्यूज होल्डरचे, ग्राउंडचे आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलचे स्क्रू एकदा परत आवळा, बारीक तारांची वायर दाबून बसली की ते थोडे ढिले होतातच.